कार्डं ग्रेडिंगला पाठवायची की आहेत तशी ठेवायची?

कसबाबावडेकर

नमस्कार मंडळी. इन्स्टावर एक जण सगळ्यांची कार्डं गोळा करून अमेरिकेला पीएसए नावाच्या कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवतोय, म्हणजे ते कार्डाची अवस्था तपासून त्याला १ ते १० मधला आकडा देतात. कार्डामागं साडेतीन हजार, चार-पाच महिन्यांत परत, असं सांगतोय. इचलकरंजीच्या एका मित्रानं त्याच्याकडं बरीच कार्डं दिलीत आणि आता माझ्या मागं लागलाय, तू पण दे म्हणून.

माझ्याकडं काय आहे ते सांगतो. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपच्या पानिनी स्टिकरांतलं मेस्सीचं एक्स्ट्रा स्टिकर आहे, ब्राँझ, म्हणजे नेहमीच्या संचाबाहेरचं, क्वचित निघणारं. मावसभावानं दुबईहून पाकिटं आणलेली, त्यात निघालं. मग टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स ही खेळायची कार्डं आहेत, आयपीएलच्या सुरुवातीच्या वर्षांतली, शाळेत असताना खेळलेली. त्यात कोहली, धोनी दोघं आहेत. आणि आजोबांच्या बिस्किटाच्या डब्यात जॉन प्लेअर कंपनीची सिगारेट कार्डं, म्हणजे सिगारेटच्या पाकिटात घालून यायची ती, सापडलीत, 'क्रिकेटर्स १९३८'. पन्नासच्या पन्नास नाहीत, पण ब्रॅडमन आहे.

तर, पाठवण्यात अर्थ आहे का? असेल तर कुठली? विकायची घाई नाही, पण भाव बरा आला तर मेस्सी सोडून बाकीचं विकीन. मेस्सी विकला तर मला घरात घेणार नाहीत, आमच्या गल्लीत सगळे अर्जेंटिनावाले.

बिंदूचौक

ग्रेडिंग राहू दे बाजूला. तो इन्स्टावाला कोण, कुठला, पावती देतो का, विमा कुणाच्या नावावर, हे आधी विचार. ग्रुपनं पाठवलं की सगळी कार्डं त्याच्या खात्यावरनं जातात. तिकडच्या कंपनीच्या लेखी मालक तोच. पार्सल गहाळ झालं तर भरपाई त्याच्या हातात पडणार, तू त्याच्या दारात.

फॉर्मवर कार्डाची किंमत किती लिहितोय तेही बघ. फी त्या किमतीवर ठरते. कमी लिहिली की स्वस्तात काम होतं, म्हणून कमीच लिहायचा मोह होतो. हरवल्यावर मात्र तीच किंमत धरली जाते.

गुजरीकर

माझं मत, पाठव. आमचा सराफी धंदा. आजोबांच्या काळात गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर सोनं घेऊन जायचं. आता हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघितल्याशिवाय कुणी अंगठीला हात लावत नाही, आणि बरोबरच आहे ते. गुजरीत आम्हाला ओळखणारे हजार लोक असतील, पण ऑनलाइन घेणारा गडी नागपूरचा, नाहीतर लंडनचा. तो तुझ्या शब्दावर कशाला जाईल?

स्लॅबवर, म्हणजे ग्रेड केलेलं कार्ड ज्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात तिच्यावर, प्रमाणपत्राचा नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की कार्ड कुठलं, ग्रेड किती, सगळं पुढ्यात येतं. साडेतीन हजारात तू ती खात्री विकत घेतोयस.

तालीमवाला

नाद खुळा चर्चा चाललीय. पण मला एक सांगा, कोल्हापुरात स्लॅब घेणार कोण? वर्ल्ड कप आला की आमच्या पेठेत दुमजली घराएवढी कटआउटं लागतात, वर्गणी काढून. तेवढ्या पैशात किती कार्डं ग्रेड होतील याचा हिशोब कुणी केला तर मंडळातनं हाकलतील त्याला. इथं माणूस कार्ड हातात घेतो, उलटं-सुलटं बघतो, मागच्या बाजूनं नखानं टिचकी मारतो आणि भाव सांगतो.

बावडेकर, ते मेस्सी अल्बमला चिकटवलं नाहीस ना? चिकटवून काढलेलं असेल तर विषयच संपला.

कसबाबावडेकर

नाही भावा, मागचा कागद शाबूत आहे. पाकिटातनं काढून लगेच स्लीव्हमध्ये घातलंय.

रंकाळाकाठ

गुजरीकर, हॉलमार्कचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण खरा फरक तिथंच आहे. तुमच्या ९१६ चा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोनं. कोल्हापुरात तपासा, कोइमतूरला तपासा, वितळवून तपासा, आकडा तोच येणार. कार्डाच्या ग्रेडचं तसं नाही. तिथं माणूस भिंगाखाली कार्ड बघतो आणि आपलं मत आकड्यात सांगतो. तेच कार्ड स्लॅब फोडून पुन्हा पाठवलं तर ८ चं ९ होऊ शकतं, ९ चं ८ सुद्धा. अमेरिकेत हे करणारे ढिगानं आहेत. ८ चा स्लॅब घ्यायचा, फोडायचा, परत पाठवायचा, ९ आला की विकायचा. सोन्याच्या अंगठीवर असा धंदा करून दाखवा.

आणि या सगळ्याची सुरुवातच कशी झाली ते ऐका. पीएसए १९९१ मध्ये निघाली. त्याआधी याच मंडळींची नाणी ग्रेड करणारी पीसीजीएस होती, तोच कित्ता कार्डांना लावला. पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलंवहिलं कार्ड, प्रमाणपत्र क्रमांक १, म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी२०६. १९०९ ते १९११ च्या दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटात घातलेलं. आइस हॉकीचा वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल या दोघांनी ते १९९१ मध्ये लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं. पीएसएनं त्याला ८ दिले. ऐंशी वर्षांचं कागदाचं कार्ड आणि ८! कंपनीचं नाव झालं, ग्रेडिंगला वजन आलं. तेच कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरना गेलं.

पुढं २०१३ मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की हे कार्ड विकण्याआधी त्यानं त्याच्या कडा कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला आकडा द्यायचाच नाही, हा पीएसएचा स्वतःचा नियम. म्हणजे ज्या कार्डावर या धंद्याची इमारत उभी राहिली ते कार्डच नियमात बसत नव्हतं.

गुजरीकर

काका, गोष्ट भारी आहे, पण हॉलमार्कातही खोटे शिक्के मारणारे निघाले होते, म्हणून तर प्रत्येक नगाला वेगळा एचयूआयडी आला. व्यवस्था चुका करते, मग सुधारते. एका वॅगनरवरनं सगळं मोडीत काढायचं ठरवलं तर परत आजोबांच्या शब्दावर यावं लागेल. माझा प्रश्न तसाच राहिला. अनोळखी माणसानं काय बघून पैसे द्यावेत?

रंकाळाकाठ

प्रश्न रास्त आहे. अनोळखी माणसाला विकायचं असेल तर स्लॅबला अर्थ आहे, हे मी नाकारत नाही. मला खटकतं ते वेगळं. ९ आणि १० मधला फरक साध्या डोळ्याला दिसत नाही, भावात मात्र दुप्पट-तिप्पट दिसतो. कार्ड कुठलं आहे हे बाजूला पडून आकडा कुठला याला पैसे मोजले जातात.

मु_पो_पुणे

थोडी तांत्रिक भर घालतो, कारण वर काही गोष्टी मोघम झाल्या आहेत.

पीएसए १ ते १० मध्ये एकच आकडा देते. बेकेट ही दुसरी कंपनी, तिचं ग्रेडिंग १९९९ च्या सुमाराला सुरू झालं. ते मध्यरेषा, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार वेगळे गुण देतात, अर्ध्या गुणाच्या पायरीनं. चारही ठिकाणी १० मिळाले तर काळं लेबल लागतं, ते अतिशय दुर्मीळ. तिसरी एसजीसी, जुन्या कार्डांचे लोक तिच्याकडे जास्त जातात. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्सचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं, ते एसजीसी ९.५ होतं. आता एसजीसीही २०२४ पासून पीएसएच्याच मूळ कंपनीच्या ताब्यात आहे, त्यामुळे 'दुसरीकडे विचारून बघतो' म्हणण्यात पूर्वीइतका दम राहिलेला नाही.

घरच्या घरी तपासणी अशी करा. पुढच्या बाजूला चित्राभोवती चारही बाजूंना असलेली पांढरी किनार पट्टीनं मोजा. डावी-उजवी, वर-खाली. पीएसए १० साठी ती साधारण ५५/४५ च्या आत हवी, म्हणजे समोरासमोरच्या दोन किनारींची रुंदी शंभरात ५५ आणि ४५ यापेक्षा जास्त विषम नको. मग मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून कार्ड हलवा, छपाईच्या रेषा आणि ओरखडे तेव्हाच दिसतात. कोपरे दहापट भिंगाखाली बघा. गडद रंगाच्या कडा असतील तर पांढरे टवके लगेच नजरेत येतात.

अटॅक्स 'शाळेत असताना खेळलेली' असं आपण लिहिलं आहे. म्हणजे उत्तर आपणच दिलं आहे.

तालीमवाला

पुणेकर आले. दुपारी एक ते चार धागा बंद ठेवा रे.

पण बोलले ते खरं आहे. अटॅक्स आम्ही फरशीवर आपटून खेळायचो. एकाचा पण कोपरा टोकदार राहिला असेल तर मी धोनीला नारळ फोडीन.

हिशोबी

आकडे मांडून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते, बाजारभाव म्हणून घेऊ नका.

समजा एक कार्ड आज उघडं, म्हणजे स्लॅबशिवाय, २,००० ला जातं. ग्रेडिंगचे ३,५००. तुमचे ५,५०० अडकले. १० आलं तर १५,०००, ९ आलं तर ५,०००, ८ आलं तर २,५००. चार कार्डांत एकाला १०, दोघांना ९, एकाला ८ मिळाले तर सरासरी ६,८७५. वरवर १,३७५ सुटले. ऑनलाइन विकलं तर साइटचं कमिशन तेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नऊशेच्या घरात. उरले पाचशे. पॅकिंग, कुरिअर यातच ते गेले, आणि पैसे पाच महिने अडकून.

आता जरा कमी आशावादी होऊ. दहात एकाला १०, पाचांना ९, चौघांना ८. सरासरी ५,०००. कमिशन लागायच्या आधीच ५०० चा तोटा.

म्हणून मी एकच प्रश्न विचारते: ९ आला तरी पैसे सुटतात का? सुटत असतील तर पाठवा, १० ला पेढे वाटा. फक्त १० लाच सुटत असतील तर पाठवू नका. पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपलं कार्ड १० चंच वाटत असतं.

आणखी दोन खर्च लोक विसरतात. परत येताना कस्टम्सनं ड्यूटी आणि त्यावर आयजीएसटी लावला तर तो कोण भरणार? साडेतीन हजारात धरलाय का, लेखी घ्या. दुसरं, ग्रेड चांगला आला आणि कार्डाची किंमत तुम्ही लिहिलेल्यापेक्षा वर गेली तर पीएसए वरच्या दराची फी मागते. ग्रुपवाला ती तुमच्याकडनंच घेणार.

बिंदूचौक

ताई, झकास. चार-पाच महिन्यांचं पण काही खरं नसतं. मार्च २०२१ मध्ये पीएसएकडे इतकी कार्डं तुंबली होती की त्यांनी बहुतेक सगळ्या सेवा बंदच करून टाकल्या होत्या. तेव्हा आधी पाठवलेली कितीतरी महिने अडकून होती.

शाहूपुरी_खालची_गल्ली

मी ग्रेडिंगकडं वळलो होतो ते भावासाठी नाही, कार्ड सुरक्षित राहील म्हणून. जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी बंद, आता काही होत नाही असं वाटायचं. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं. स्लॅब धुऊन पुसल्यावर नव्यासारखे दिसत होते, आतल्या कार्डांना मात्र पाणी लागून फुगवटा आलेला. स्लॅब म्हणजे पाणीबंद डबी नव्हे, शिवणीतनं पाणी जातं.

तेव्हापासून घरात नियम आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं, म्हणजे इशारा पातळी, की कार्डांचा खोका वरच्या मजल्यावर. ४३ ची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही.

पूर सोडा, आपला नुसता पावसाळा बास आहे. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. पुड्या दरवर्षी बदलायच्या. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही. एवढ्यावर शे-दीडशे रुपये जातात आणि कार्ड सपाट राहतं. नवीन चकचकीत फॉइलची कार्डं तर हवा बदलली की केळीच्या सालीसारखी वळतात.

मंगळवार_पेठ

आणि कृपा करून कुणी लॅमिनेशन करू नका! आमच्या मामांनी गावसकरांच्या सहीचा फोटो 'खराब होऊ नये' म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. अजून भिंतीवर आहे, मामा खूश आहेत, पण संग्राहकाच्या दृष्टीनं तो कायमचा गेला. कार्डाचंही तेच. तापलेल्या प्लास्टिकमधनं कागद परत निघत नाही.

कसबाबावडेकर

सगळ्यांचे आभार. अटॅक्स भिंगाखाली बघितली. कोहलीचा एक कोपरा ठीक आहे. एकच.

पुण्याचे दादा, मेस्सीची किनार मोजली तर डावी-उजवी बरीच जमतीय, वर-खाली जरा फरक आहे.

सिगारेट कार्डांबद्दल कुणी बोललंच नाही. मागं गोंद असल्यासारखं चिकट-चमकदार काहीतरी आहे, ते डाग आहेत का? पुसून काढू का? आणि डब्याच्या तळाशी अजून एक सुटं कार्ड मिळालं, रणजितसिंहजींचं. मागं विल्सचं नाव आहे, वर्ष कुठंच नाही.

रंकाळाकाठ

पुसू नकोस! कशाला पण हात लावू नकोस. तो डाग नाही, तो गोंद मूळचाच आहे. प्लेअरची १९३८ ची कार्डं मागून गोंद लावलेलीच यायची, पोस्टाच्या तिकिटासारखी ओली करून त्यांच्याच अल्बममध्ये चिकटवायला. अल्बम एका पेनीला मिळायचा. त्यामुळे बहुतेक पोरांनी ती चिकटवली आणि बहुतेक कार्डांची मागची बाजू वाया गेली. तुझ्या आजोबांनी चिकटवली नाहीत म्हणजे एकतर त्यांना अल्बम मिळाला नाही, किंवा माणूस फार शिस्तीचा होता.

आता कडू भाग. प्लेअरनं १९३०, १९३४ आणि १९३८ असे क्रिकेटपटूंचे पन्नास-पन्नासचे संच काढले आणि छापले ते प्रचंड संख्येनं. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटात एक. त्यामुळे इंग्लंडमध्ये १९३८ चा अख्खा संच आजही शंभर पौंडांच्या बराच आत मिळतो. ब्रॅडमनला त्यातल्या त्यात जास्त मागणी, पण तो काही वॅगनर नाही. म्हणजे एक कार्ड ग्रेड करायच्या पैशात तुला जवळजवळ पूर्ण संच विकत घेता येईल. जुनं म्हणजे महाग, हा आपला एक गैरसमज असतो. महाग ते, जे फेकून दिलं गेलं आणि ज्याचे आता मागणारे आहेत.

त्यामुळे प्लेअरची कार्डं ग्रेडिंगला पाठवू नकोस. जी नाहीत ती सुटी मिळव आणि संच पूर्ण कर. १९४० मध्ये युद्धामुळे कागद तुटला आणि ब्रिटनमध्ये कार्डं घालणंच बंद झालं, म्हणजे तुझ्याकडं त्या प्रकाराची शेवटची पालवी आहे.

रणजींचं कार्ड ही वेगळी गोष्ट. विल्स या सिगारेट कंपनीनं १८९६ मध्ये पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला, नंतर १९०१ आणि १९०८ मध्येही काढले. कुठल्या संचातलं ते मागच्या मजकुरावरनं आणि छपाईवरनं कळेल. पण एक धोका आहे. जुन्या संचांची पुढं हुबेहूब पुनर्मुद्रणं निघाली, ती स्वस्तात विकली जातात. पुनर्मुद्रणाचा कागद जास्त पांढरा असतो, भिंगाखाली छपाईचे ठिपके वेगळे दिसतात. इथं आकडा ७ की ८ याला महत्त्व नाही. अस्सल की नक्कल, एवढंच बघायचं. ग्रेडिंग कंपन्या नुसतं 'अस्सल' असंही लेबल देतात, आकड्याशिवाय. मी कुठलं कार्ड पाठवायचं म्हटलं तर असलं पाठवीन.

गुजरीकर

बघा, काका आले की कसोटीच्या दगडावर! मी पहिल्यापासून खात्रीच म्हणत होतो.

रंकाळाकाठ

खात्री म्हणत होता, पण साडेतीन हजार सगळ्याच कार्डांवर घालायला सांगत होता. 😀

वकिली_चष्मा

थांबा. रणजींचं कार्ड परदेशी पाठवण्याआधी एक बघा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर ती 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेली संस्था करू शकते. १९३८ च्या कार्डांना हे शंभर वर्षांचं वय अजून बसत नाही. पण १८९६ किंवा १९०८ चं असेल तर वय बसतं.

सिगारेटचं कार्ड ऐतिहासिक महत्त्वाचं म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद कस्टम्सच्या काउंटरवर घालायची वेळ आणू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडनं वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो आधी घ्यावा. इन्स्टावाल्याच्या पुडक्यात, दुसऱ्याच्या फॉर्मवर, असलं कार्ड अजिबात देऊ नका. 'मला माहीत नव्हतं' हे त्याचंही उत्तर असेल आणि तुमचंही.

बिंदूचौक

हे कुणी सांगितलं नव्हतं. विषय हार्ड. वाचनखूण साठवली.

मु_पो_पुणे

वकीलसाहेबांचा मुद्दा महत्त्वाचा. नाण्यांच्या बाबतीत हे माहीत होतं, कार्डांच्या बाबतीत डोक्यात आलं नव्हतं.

मेस्सीबद्दल राहिलं. ब्राँझ एक्स्ट्रा स्टिकर चांगलं आहे. कतारच्या एक्स्ट्रांमध्ये साधं, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे चार रंग होते, गोल्डला सर्वांत जास्त भाव. वर-खाली फरक आहे म्हणता, तर १० कठीण. आपण ते विकणारच नसाल तर आकडा कुणासाठी?

घेणाऱ्यांना एक सावधगिरी: मेस्सीची गोष्ट निघाली की नकलाही निघतात. त्याचं २००४-०५ चं पानिनी मेगाक्रॅक्स कार्ड सुटं घ्यायचं धाडस मी करणार नाही, इतक्या नकला फिरतात. तिथं स्लॅब हवाच. तोही नंबर साइटवर टाकून, आणि साइटवर फोटो असेल तर तो कार्डाशी ताडून. कारण आता स्लॅबच्याही नकला येतात. खरा नंबर, खोटं लेबल, आत भलतंच कार्ड.

तालीमवाला

म्हणजे स्लॅबची खात्री करायला अजून एक स्लॅब पायजे. 😂

काका, एक विचारतो. ब्रॅडमनचं कार्ड आहे, रणजींचं आहे. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचं कुणी कधी काढलंय का?

रंकाळाकाठ

मी तरी पाहिलेलं नाही, आणि शोधतोय बरीच वर्षं. नव्या पोरांसाठी सांगतो. भाऊसाहेब कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम समोर होता, अवघा नऊ धावांवर. जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडनं सामनाच सोडून दिला, पुन्हा मैदानात आलेच नाहीत. भाऊसाहेबांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. आणि आपल्याकडं तेव्हा कार्डं काढणार कोण? आपल्याकडं पोरांच्या हातात काही आलं ते पुढं बिग फन बबलगममुळं, पाठीवर रन आणि विकेट छापलेली चित्रं. तोवर भाऊसाहेब निवृत्त होऊन जमाना झालेला.

त्यांचं एखादं कार्ड कुणाकडं निघालं तर मला कळवा. कोपरे नसले तरी चालतील.

हिशोबी

काकांनी घासाघीस करायच्या आधीच हार मानली. असं बाजारात बोलायचं नसतं, काका.

मंगळवार_पेठ

माझा एक वेगळा अनुभव लिहिते, नाहीतर धाग्यात सगळे विरोधातच दिसतील. माझ्या मुलीला फुटबॉल कार्डांचा नाद आहे. तिच्या एका आवडत्या कार्डाचं ग्रेडिंग आम्ही वाढदिवसाला करून दिलं. विकायचं नव्हतं, पैसे सुटायचा प्रश्नच नव्हता. ९ आले. टेबलावर उभं ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. हिशोबीताईंच्या गणितात हे शुद्ध नुकसान आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. फक्त गुंतवणूक म्हणून करतोय असं स्वतःला सांगू नये, एवढंच.

हिशोबी

त्याला माझा कुठं विरोध? हौसेचा खर्च हौसेच्या रकान्यात लिहिला की झालं.

कसबाबावडेकर

तर माझं असं ठरलंय. अटॅक्स नाही. प्लेअरची नाही, उलट जी नाहीत ती शोधतो. मेस्सी टॉपलोडरमध्ये घालून कपाटात, तळमजल्यावर नाही. रणजींचं कार्ड आधी इथं कुणा जाणकाराला दाखवतो. अस्सल निघालं तर दाखल्याचं बघू, नक्कल असेल तर साडेतीन हजार वाचले. इन्स्टावाल्याला मी पावती आणि विम्याचं विचारलं होतं. त्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, उत्तर नाही. इचलकरंजीच्या मित्राला हा धागा पाठवलाय. तो म्हणतोय, त्याची सगळी १० येणार.

काका, तुम्हाला रणजींचं दाखवू शकतो का?

रंकाळाकाठ

जरूर. रविवारी शाहू स्टेडियमला मॅचला असतो, पश्चिमेच्या बाजूला. भिंग आणतो. कार्ड पाकिटात घालून खिशात कोंबून आणू नकोस, वहीत दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेव.

तालीमवाला

मी पण येतोय. बावडेकर, तो फरशीवर आपटलेला धोनी विकायचा आहे का? दोनशे देतो.

कसबाबावडेकर

तीनशे. एक कोपरा त्याचाही शाबूत आहे.

तालीमवाला

बघितल्याशिवाय अडीचशेच्या वर जाणार नाही. रविवारी आण.